माझ्या नावाचा शेरा

१

"मॅडम, चोर म्हणायचं होतं तं तोंडावर म्हणायचं ना. पोर्टलवर काऊन लिवलं?"

आकांक्षा थूल माझ्या टेबलासमोर उभी होती आणि मोबाईल तिनं माझ्या नाकाशी धरला होता. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे ही. बोरगाव मेघेहून सायकल मारत आली होती. उन्हासाठी तोंडाला गुंडाळलेली ओढणी तिनं सोडलीसुद्धा नव्हती. नुसते डोळे दिसत होते. त्यात रडू नव्हतं, संताप होता, आणि तो माझ्यावर होता.

मी मोबाईल घेऊन वाचलं.

'आलेखात दोनच रेषा आहेत, एक मोजलेली आणि एक काढलेली, आणि त्या एकमेकींवर तंतोतंत बसतात. खरं मोजमाप असं कधीच बसत नाही. शिवाय भर दुपारी माठातलं पाणी मध्येच तापलेलं दाखवलं आहे. माठात पाणी थंड होतं, तापत नाही. आकडे बनावट. गुण शून्य.'

खाली काल दुपारची वेळ आणि नाव होतं, माधवी काळमेघ. म्हणजे मी.

"हे मी लिहिलं नाही," मी म्हटलं.

"नाव तं तुमचंच हाय."

"नाव माझं आहे गं बाई, शेरा माझा नाही! तुला मी ओळखत नाही का? शून्य द्यायचं असतं तर आधी बोलावून घसा बसेस्तोवर ओरडले असते. गुपचूप शून्य देणं माझ्या बापजन्मात झालं नाही."

हे तिलाही पटलं. ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली. माझा आवाज सगळ्या विज्ञान शाखेला माहीत आहे.

मी संख्यात्मक पद्धती शिकवते. ज्या समीकरणाचं उत्तर कागदावर सरळ निघत नाही, त्याला संगणकाकडून छोट्या छोट्या पायऱ्यांनी गाठायचं, एवढाच तो विषय. या पोरीनं विषय घेतला होता माठाचा. उन्हाळ्यात माठातलं पाणी कसकसं थंड होतं, ते तिनं घरी थर्मामीटर घालून मोजलं, मग समीकरण मांडलं, प्रोग्रॅम लिहिला आणि दोन्हींचा आलेख काढला. बाकीची पोरं इंटरनेटवरून उतरवतात. हिनं स्वतःच्या स्वयंपाकघरातून प्रकल्प उभा केला होता. आणि हिलाच बनावट म्हणायचं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

संध्याकाळी पाच वाजता पोर्टलवरचे गुण बंद होणार होते. 'बनावट' हा शब्द तसाच राहिला की प्रकरण परीक्षा समितीकडे जातं आणि निकाल अडकतो. पुण्याच्या एका संस्थेत तिची एम.एस्सी.साठी निवड झाली होती. निकाल अडकला की ती जागा गेली.

मी तडक प्राचार्यांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला. अडचणीचं काही आलं की ते चष्मा पुसतात.

"मॅडम, खातं तुमचं, नाव तुमचं. आता तुम्हीच बदललं तर लोक म्हणतील, पोरगी येऊन रडली आणि मॅडम पाघळल्या. कोणी लिहिलं ते दाखवा, मग खुशाल बदला."

"आणि नाही दाखवता आलं तर?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तर शेरा तुमचाच."

२

आमच्याकडे एप्रिल लागला की विभागात एक रिवाज सुरू होतो. सगळे शिक्षक आपापल्या खोल्या सोडून एकाच खोलीत येऊन बसतात, कारण चालणारा कूलर त्या एकाच खोलीत आहे. तिथे एकच संगणक. पाळीपाळीनं सगळे त्यावर काम करतात आणि खातं कोणी बंद करत नाही. पासवर्ड पुन्हा घालायचा कंटाळा, दुसरं काय! पोर्टलवर मीही दिवसभर उघडीच असते. म्हणजे माझ्या नावानं वाट्टेल ते लिहायला चावी लागत नव्हती, फक्त खुर्ची रिकामी लागत होती.

त्या खोलीत माझ्याशिवाय तिघांचा वावर. प्रयोगशाळा सहायक अंकुश, कंत्राटावरची शिक्षिका सुरभी आणि विभागप्रमुख धनंजय पोहाणे सर.

अंकुश व्हरांड्यात सापडला. स्टूलवर चढून विभागाचा माठ भरत होता. अंकुशवर माझा राग आधीपासूनच होता. मागच्या महिन्यात त्यानं माझ्या वर्गाचे सगळे प्रोग्रॅम पुसून टाकले होते आणि वर म्हणाला होता, "मॅडम, जागा कमी पडून राहिली होती."

"अंकुश, काल माझ्या खात्यातून तू काही लिहिलंस का?"

"मी? मॅडम, मले मराठी टायपिंगच येत नाई. इचारा कोणालेबी."

"खोटं बोलू नकोस. गणपतीची पत्रिका कोणी केली होती?"

"ते पोरानं केलती माह्या." तो बोलता बोलता बादली कलती करायला गेला आणि पाणी हातावर सांडलं. "आईऽऽ गं! पाणी हाय का चहा हाय!"

मी तिथेच थबकले. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी. दुपारी ते हाताला पोळतं. अर्धा रिकामा माठ या पाण्यानं भरला की आतलं गार पाणीही तापणारच. मग ते हळूहळू पुन्हा थंड होतं. आकांक्षाच्या आलेखातली ती दुपारची उडी हीच होती. कच्चा प्रकल्प तपासताना मीच तिला विचारलं होतं, पाणी मध्येच का तापलं, आणि ती म्हणाली होती, "आईनं माठ भरला ना मॅडम." तिनं ते प्रोग्रॅममध्येही बसवलं होतं.

शेरा लिहिणाऱ्याला मात्र हे ठाऊक नव्हतं. जो रोज स्टूलवर चढून माठ भरतो आणि रोज हात पोळून घेतो, तो 'माठात पाणी तापत नाही' असं जन्मात लिहिणार नाही. अंकुशला मी मनातल्या मनात सोडून दिलं. प्रोग्रॅम पुसल्याचं नाही सोडलं, ते वेगळं.

"काल दुपारी त्या संगणकावर कोण बसलं होतं?"

"सगळेच येऊन-जाऊन राह्यले होते." त्यानं आवाज उतरवला. "पण मॅडम, सुरभी मॅडम तिथं बसून रडून राह्यल्या होत्या. मी पाह्यलं. मले पाहून डोळे पुसले त्याहिनं."

३

सुरभीला मी लहान बहिणीसारखी मानते, म्हणून तिच्यावर जास्तच ओरडते. पिपरी मेघेत एका खोलीत भाड्यानं राहते, नवरा नागपूरला, आणि नोकरी दरवर्षी जूनमध्ये नव्यानं मिळते. ती मिळावी म्हणून पोहाणे सरांची सही लागते.

"काल का रडत होतीस?"

"घरचं होतं, ताई."

"घरचं घरी रडतात. माझ्या खात्यात काय लिहीत होतीस?"

"तुमच्या खात्यात? मी?" तिचा चेहरा खरंच गोंधळला. "मी सरांचं काम टाईप करत होते."

"आकांक्षा म्हणते, प्रकल्पाची एक झेरॉक्स प्रत तिनं तुझ्या हातात दिली होती."

"दिली होती. विभागासाठी." ती टेबलावरच्या पेनाचं टोपण काढू-घालू लागली. "विभागात आहे कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे?"

ती तोंड उघडणार एवढ्यात दार उघडलं आणि पोहाणे सर आत आले. पांढराशुभ्र शर्ट, हातात कागदांची चळत. या माणसाला पडद्यावर वाचवत नाही. दोन ओळींचा निरोप आला तरी त्याची प्रिंट काढायला लावतो.

"माधवी मॅडम, तुमचा आवाज खालच्या मजल्यावर येतोय," ते हसून म्हणाले. "काय झालं ते मला प्राचार्यांनी सांगितलं. खरं सांगू? शेरा कोणीही लिहिलेला असो, चुकीचा नाही. बोरगावची पोरगी, घरी ना कोणी शिकलेलं ना काही. ती समीकरण सोडवायला रुंगे-कुट्टासारखी किचकट पद्धत लावते म्हणजे कुठून तरी उचललंच असणार ना!"

"तिचे वडील टपाल खात्यात आहेत. आणि रुंगे-कुट्टा तिला मी शिकवली."

"रागावू नका हो. मी सर्वसाधारण बोलतोय."

"तुम्ही तिचा प्रकल्प पाहिलाय?"

"छे! विद्यार्थ्यांचे प्रकल्प बघत बसायला मला वेळ कुठे आहे?"

ते माझ्याकडे पाहत होते. सुरभी माझ्याकडे पाहत नव्हती. टोपण तिच्या हातातून खाली पडलं आणि तिनं ते उचललंही नाही.

४

डोकं इतकं तापलं होतं की मी बाहेर आले आणि कडुनिंबाखाली बाकावर बसून शेरा पुन्हा वाचला. पंचवीस वर्षं पोरांचे पेपर तपासतेय. नक्कल पकडायची एकच रीत मला माहीत आहे. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येतं, त्यात नवल काय! चूक सारखी आली की समजावं, दोघं एकाच ताटात जेवलेत. म्हणून मी शेऱ्यात चुकाच शोधायला लागले.

'आलेखात दोनच रेषा आहेत, एक मोजलेली आणि एक काढलेली.'

अगं बाई!

मी आकांक्षाला हाक मारली. "तुझा आलेख उघड मोबाईलवर."

तिनं उघडला. दोन रेषा होत्या खऱ्या. एक निळी, एक लाल. पण दोन्ही प्रोग्रॅमनं काढलेल्या होत्या, एक साध्या पद्धतीनं, एक रुंगे-कुट्टानं. दोन्ही बरोबर केल्यावर त्या केसभर अंतरानं एकमेकींना चिकटून जाणारच. मोजलेले आकडे म्हणजे रेषा नव्हतीच मुळी. ते होते पिवळे ठिपके. काही रेषेच्या वर, काही खाली, खऱ्या मोजमापात असतात तसे विस्कटलेले. आणि कोणतं काय, हे या शहाणीनं आलेखावर कुठेच लिहिलं नव्हतं.

"यातले ठिपके ज्याला दिसले, तो असा शेरा लिहील?"

"कायले लिहील?" ती म्हणाली. मग तिचे डोळे मोठे झाले. "मॅडम, त्याले ठिपके दिसलेच नाईत!"

"कॉलेजसमोरच्या दुकानातून झेरॉक्स काढली होतीस ना? चल."

दुकानदारानं तेच पान काढून दिलं. पांढऱ्या कागदावर दोन काळ्या रेषा आल्या. पिवळा रंग कागदानं खाऊन टाकला होता. एक ठिपका दिसेल तर शपथ! ज्यानं शेरा लिहिला त्यानं पडद्यावर प्रकल्प पाहिलाच नव्हता. त्याच्या हातात झेरॉक्स प्रत होती, आणि तशी प्रत एकच निघाली होती.

"आनि ते मी सुरभी मॅडमले देल्ली होती," आकांक्षा हळूच म्हणाली.

मी परत कूलरच्या खोलीत गेले तेव्हा सुरभी एकटीच होती. मी कागद तिच्यासमोर आपटला.

"यात मोजलेले आकडे कुठे आहेत?"

"यात नाही दिसत ताई. पिवळे आहेत ना ते." ती सहज बोलून गेली. "रंग मीच सुचवला होता तिला. शेजारी बसूनच तर काढला तिनं आलेख."

मी खुर्चीत बसले. जिनं रंग सुचवला, ती 'दोनच रेषा' लिहिणार नाही. सुरभीही सुटली. मग उरलं कोण, हे सांगायला मला कोणी नको होतं. पण का? एका पोरीचं वाटोळं करून या माणसाला काय मिळणार होतं?

"सुरभी, प्रत कोणाला दिलीस? आणि काल काय टाईप करत होतीस? ऐक, ती पोरगी बाहेर उन्हात उभी आहे. पाच वाजले की तिचं वर्ष गेलं. तुझी नोकरी जूनमध्ये जाईल किंवा नाही जाणार. तिचं आज जाणार आहे."

तिनं दार लोटून घेतलं. मग खालचा खण उघडून तिनं काही पानं माझ्यापुढे ठेवली. नागपूरच्या एका परिषदेला पाठवलेला शोधनिबंध होता. 'मातीच्या भांड्यातील बाष्पीभवन: प्रयोग व संगणकीय पडताळणी.' आत आकांक्षाचा आलेख होता, काळा-पांढरा. लेखकाचं नाव एकच होतं, आणि ते आकांक्षाचं नव्हतं.

"म्हणून रडत होते," सुरभी म्हणाली. "टाईप मी केलं ताई. माझ्याच हातानं."

५

प्राचार्यांच्या दालनात आम्ही पाच जण होतो. प्राचार्य, पोहाणे सर, मी, सुरभी आणि आकांक्षा. आकांक्षानं बसायला नकार दिला.

"हा माझ्या दोन उन्हाळ्यांच्या प्रयोगांवरचा निबंध आहे," पोहाणे सर म्हणाले. आवाजात हसू अजून होतं. "विद्यार्थिनीला तो कुठून मिळाला, हा प्रश्न उलट मी विचारायला हवा."

चोराच्या उलट्या बोंबा! पण मी दातांवर दात दाबून धरले.

"सर, दोन उन्हाळे तुम्ही स्वतः मोजमाप केलंत?"

"अर्थात."

"मग या आलेखात तुमचे मोजलेले आकडे दाखवा."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि खालच्या रेषेवर टोक ठेवलं. "ही मोजलेली. वरची संगणकानं काढलेली. निबंधात तसं लिहिलंही आहे. तंतोतंत जुळतात, हाच तर निष्कर्ष आहे."

"आकांक्षा, प्रोग्रॅम चालव."

तिनं प्राचार्यांच्या संगणकावर फाईल उघडली. पडद्यावर निळी रेषा आली, लाल आली, आणि मग एकेक करून पिवळे ठिपके उमटत गेले. प्राचार्य पुढे झुकले.

"हे काय?"

"हे मोजमाप हाय सर," आकांक्षा म्हणाली. "बाकी दोन्ही रेषा प्रोग्रॅमच्या हायेत. यांनी ज्याच्यावर पेन ठेवला ना, ते मोजलेलं नाई. ते मी काढलेलं हाय."

मी निबंध उघडून पुढचं वाक्य मोठ्यानं वाचलं. "'दुपारी तापमानात दिसणारी वाढ हा उपकरणातील दोष असावा.' सर, तुमच्या घरी माठ कोण भरतं?"

"हा काय प्रश्न झाला?"

"उत्तर द्या."

"घरची मंडळी भरतात."

"तेच म्हटलं! वर्ध्यात एप्रिल-मे महिन्यात ज्यानं एकदा तरी माठ भरला, त्याला ती वाढ कशाची हे विचारावं लागत नाही. टाकीच्या पाण्यानं हात पोळतो. तुम्ही दोन उन्हाळे माठ मोजलात आणि एकदाही भरला नाहीत?" आता माझा आवाज सुटला होता, आणि मला तो आवरायचा नव्हता. "प्राचार्य साहेब, पोर्टलवरचा शेरा बघा. त्यातही एका काढलेल्या रेषेला मोजलेली म्हटलंय. त्यातही पाणी तापणं खोटं म्हटलंय. शेरा आणि निबंध, दोन्हींत त्याच दोन चुका. अंकुश रोज माठ भरतो, म्हणजे तो नाही. सुरभीला ठिपके माहीत होते, म्हणजे ती नाही. झेरॉक्स एकच होती आणि ती या साहेबांनी मागून घेतली. मला म्हणाले, प्रकल्प पाहिलाच नाही! आणि निर्लज्जपणा बघा, रेषा जुळतात म्हणून स्वतःच्या निबंधात पाठ थोपटून घेतली, आणि त्याच जुळतात म्हणून पोरीला चोर ठरवलं. तिचा प्रकल्प बनावट ठरला की तो विभागात कोणी पाहणार नाही. उद्या ती ओरडली असती, तरी बनावट आकडेवाल्या पोरीवर विश्वास कोणी ठेवला असता?"

"झेरॉक्स सरांना मीच दिली," सुरभी म्हणाली. या वेळी ती सरांकडे बघूनच बोलली.

पोहाणे सरांचं हसू आता गेलं होतं. "मॅडम, एवढं ताणायची गरज नाही," ते प्राचार्यांकडे बघून म्हणाले. "निबंधाच्या लेखकांत दुसरं नाव तिचं टाकतो. पोरीचाही फायदाच आहे."

"मले नाई पाह्यजे दुसरं नाव," आकांक्षा म्हणाली. "माह्या आईनं हात पोळून माठ भरला. त्याले तुमी दोष म्हटलं. काढा ते कागद तिथून."

६

निबंध मागे घेतल्याचं पत्र प्राचार्यांनी समोर बसवून लिहून घेतलं. पुढे चौकशी समिती नेमू म्हणाले. समिती म्हणजे प्रकरणाला गादी घालून झोपवायचं, हे मला माहीत आहे. ती झोपू लागली की मी तिथे जाऊन ओरडणार आहे.

आम्ही कूलरच्या खोलीत आलो. मी शेरा पुसायला गेले, तर आकांक्षानं माझा हात धरला.

"पुसू नका मॅडम. माह्या बाबानं वाचला तो. पुसला तं त्याहिले वाटन, दया केली. त्याच्या खाली लिवा, कोनं लिवला ते."

प्राचार्य दारात उभे होते. "मॅडम, नाव घालणं जरा..."

"तुम्हीच म्हणालात, कोणी लिहिलं ते दाखवा आणि मग बदला. दाखवलं." मी लिहिलं, 'वरील शेरा धनंजय पोहाणे यांनी माझ्या उघड्या खात्यातून लिहिला आहे. तो खोटा आहे. या विद्यार्थिनीचं मोजमाप आणि प्रोग्रॅम दोन्ही तिचे स्वतःचे आहेत.' आणि बटण दाबलं. प्राचार्य चष्मा पुसत निघून गेले.

मग मी गुण भरले. पन्नासपैकी एक्केचाळीस.

पुण्याची जागा वाचली होती. पोरगी हसेल, पाया पडेल असं मला वाटलं. तिनं ओढणी सोडली, खुर्ची ओढली आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

"नऊ काऊन कापले?"

"आलेखावर नावं नाहीत म्हणून चार. पायरी अर्धी करून उत्तर तेच येतं का, हे तपासलं नाहीस म्हणून पाच."

"नावं टाकली असती तं चोर सापडला असता का?"

"चोर पकडायचे गुण अभ्यासक्रमात नाहीत!"

"मग अभ्यासक्रमच चुकला. आनि पायरी मी अर्धी केलती मॅडम. रिपोर्टात नाई लिवलं फक्त."

"न लिहिलेलं मी कसं वाचू? माझ्या कपाळावर काय दुर्बीण आहे?"

"थांबा, आत्ता दाखवतो. सरका तिकडं."

तिनं कीबोर्ड ओढून घेतला. मी तो परत ओढला. सुरभी मध्ये पडली तर दोघींनी तिलाच झापलं. पाच वाजायला अजून थोडा अवकाश होता आणि आमचे आवाज खालच्या मजल्यावर जात होते. अंकुश धावत दारात आला.

"आता काय झालं मॅडम?"

"काही नाही," मी ओरडले. "अभिप्राय देऊन राहिले पोरीला!"